वसुलीवाल्याला कोरे चेक देण्याआधी

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, हातात पगार 34,000. मिरजेत आईच्या ऑपरेशनचे बिल क्रेडिट कार्डावर भरले. पुढे एक कार्ड भरायला दुसरे वापरत गेलो. आज एकावर 1,86,000 आणि दुसऱ्यावर 42,000 बाकी आहे. वर्षभर 'मिनिमम' भरूनही आकडा हलला नाही. गेले दोन महिने तेही जमलेले नाही. वसुलीवाला तासगावला बहिणीच्या सासरी फोन करतो, व्हॉट्सॲपवर 'अटक वॉरंट' पाठवतो. सही केलेले दोन कोरे चेक द्या, प्रकरण थांबवतो, असे म्हणतो. अटक होईल का? घर वडिलांच्या नावावर आहे, ते जाईल का?

उत्तर : आधी चेकचे बघू, कारण ते अजून तुमच्या हातात आहेत. ते देऊ नका. कार्डाची थकबाकी ही दिवाणी बाब आहे. चेक दिला आणि तो वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम 138 लागते आणि तो फौजदारी गुन्हा होतो. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले नाहीत, तर खटला उभा राहतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून हप्ता आपोआप कापायची संमती देतानाही सांभाळा. पैसे नसल्याने तो परत गेला, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याचे कलम 25 जवळपास तसेच चालते.

वॉरंट न्यायालय काढते, वसुली एजन्सी नाही. खरी कारवाई सुरू झाली तर दाव्याचे समन्स बेलिफमार्फत (न्यायालयाचा कर्मचारी) किंवा पोस्टाने घरी येते. ते आले की दिवस मोजायला लागा. समरी दाव्यात (पैशाच्या वसुलीचा झटपट चालणारा दावा) हजेरी नोंदवायला दहाच दिवस असतात. कागद घेतला नाही म्हणजे दावा टळला, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. हुकूमनामा, म्हणजे पैसे भरा असा न्यायालयाचा निकाल, तुमच्या माघारी होतो.

वडिलांनी स्वतः कमावलेले घर त्यांच्या हयातीत तुमच्या कर्जापोटी जप्त होत नाही. वडिलोपार्जित असेल, तर तुमच्या हिश्शापुरताच प्रश्न. पगारावर जप्ती येऊ शकते, पण हुकूमनाम्यानंतर आणि मर्यादेत : पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. 34,000 धरले तर महिना जास्तीत जास्त 11,000. पीएफला हात लागत नाही. दिवाणी कैद आहे, पण ऐपत असून पैसे दडवणाऱ्यासाठी.

बहिणीकडे जाणारे फोन मात्र सहन करू नका. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन नकोत, नातेवाईक-मित्रांना त्रास नको, चारचौघांत अपमान नको, हे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बँकांना बजावले आहे. फोनवर वाद घालून हाती काही लागत नाही. बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा : स्क्रीनशॉट, कॉलची यादी, एजंटचे नाव व अधिकारपत्राची मागणी, आणि मुद्दल, व्याज, दंड असा वेगळा हिशेब. त्याच मेलमध्ये हप्ते बांधून मागा. (ती मागणी कर्जाची लेखी कबुली ठरते आणि बँकेला दावा लावायची तीन वर्षांची मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. तुमचे कर्ज ताजे आहे, त्यामुळे त्यात तोटा नाही.) 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही.

आता आकडा का हलत नाही ते पाहा. दर महिना 3.5 टक्के धरला, तर 1,86,000 वर महिन्याचे व्याज 6,510. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,172. पाच टक्क्यांनी मिनिमम होते 9,300. म्हणजे मुद्दलात वळतात जेमतेम 1,618. शिवाय मागची बाकी असताना बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज कार्डावर घेतलेल्या वाणसामानावर आजपासून व्याज. दुकानदाराला दोन-तीन टक्के देऊन कार्डावर रोकड काढणे म्हणजे या बोटाची थुंकी त्या बोटावर, वर कार्डाच्या अटींचा भंग.

कार्डे फेडायला कमी व्याजाचे कर्ज शोधा : कंपनीत पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथे विचारा, नाहीतर सोनेतारण. हप्ते थकल्यावर बँकेचे वैयक्तिक कर्ज मिळणे अवघड. दोन्ही कार्डांचे 2,28,000, तीन वर्षे, 15 टक्के दर धरला तर हप्ता सुमारे 7,900. दोन्ही कार्डांचे मिनिममच 11,400 होते. ही वाट फसते ती एकाच ठिकाणी : कार्ड रिकामे होते आणि सहा महिन्यांत पुन्हा भरते. म्हणून पैसे भरले की मोठे कार्ड लगेच लेखी बंद करायला सांगा. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवे, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड बँकेवर. दुसरे ठेवायचेच असेल तर मर्यादा 15,000 वर आणा, ॲपमधले साठवलेले कार्ड काढा, बिलाची तारीख पगारानंतर येईल अशी बदलून घ्या. ती एकदा तरी बदलायचा हक्क तुम्हाला आहे.

तडजोडीने रक्कम कमी करणे हा शेवटचा उपाय, कारण क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' लागते आणि गृहकर्जाच्या वेळी ते आडवे येते. करायचीच तर आधी बँकेचे पत्र घ्या : कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारखा, 'पूर्ण आणि अंतिम' हे शब्द. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. नंतर ना-हरकत दाखला मागून घ्या. पगाराचे खाते त्याच बँकेत असेल तर ते दुसरीकडे हलवा. तिथली शिल्लक बँक थकबाकीत वळती करू पाहते.

सांगलीच्या न्यायालयातून लोकअदालतीची दाव्यापूर्वीची नोटीस आली, तर ती अटकेची नव्हे, बोलणीची आहे, जरूर जा. फक्त तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. सही करण्याआधी हप्ता 8,000 च्या आत आणि तारीख पगारानंतरची आहे ना, तेवढे बघा.