मेला नाही म्हणजे सुखरूप आहे असं नाही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बंदरातल्या पाण्यात ९६ तासांत झेब्राफिशचा (प्रयोगशाळेत वापरतात त्या छोट्या माशाचा) एकही भ्रूण मेला नाही, म्हणून पाणी निर्धोक, असं तू लिहिलं आहेस. एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नकोस.

प्रमाणित चाचणी मृत्यूच मोजते. अंडं साकळलं का, देहखंड बनले का, शेपटी बलकापासून सुटली का, हृदय धडधडतंय का, एवढंच ती विचारते. बंदराच्या पाण्यात मिसळणाऱ्या डिझेल-तेलाची खरी करामत मात्र मृत्यूच्या अलीकडे असते.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाज खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. तेलात माखलेले पक्षी साऱ्या जगाने पाहिले. हेरिंग आणि गुलाबी सामन या माशांच्या अंड्यांचं काय झालं, ते उलगडायला मात्र अनेक वर्षं गेली. (१९९३ साली तिथली हेरिंग कोसळली, त्यात तेलाचा वाटा किती, यावर आजही वाद आहे.) तेलातली फेनँथ्रीनसारखी, कार्बनच्या तीन कड्यांची संयुगं पाण्यात उतरून अंड्यात शिरतात. कच्चं तेल हृदयपेशींमधली पोटॅशियम-कॅल्शियमची ये-जा बिघडवतं, हे २०१४ साली ट्यूनाच्या पेशींवर दिसलं. ठोके मंदावतात, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरतं, जबडा नीट घडत नाही. मात्रा अगदी कमी असेल तर पिल्लू धडधाकट दिसतं. वाढल्यावर मात्र त्याच्या हृदयाचा आकार वेगळा निघतो आणि पोहण्याचा वेग कमी भरतो. असा मासा शिकाऱ्यापुढे किती टिकेल? मला याचीच जास्त काळजी वाटते.

म्हणून ४८ तासांनी प्रत्येक भ्रूण कुशीवर वळवून बघ. निरोगी भ्रूणात हृदय बलकाला लगटून असतं. सूज आली की मध्ये पारदर्शक फुगा दिसतो आणि आत हृदय दोरीसारखं ताणलेलं. ठोके मोजताना पाणी २८ अंशांच्या आसपासच ठेव, गार झालं की ठोके आपोआप मंदावतात. कोणत्या ताटलीत काय आहे, ते मोजणाऱ्याला कळू देऊ नकोस. तुलनेसाठी स्वच्छ पाण्यात ठेवलेल्या भ्रूणांपैकी १० टक्क्यांहून जास्त मेले, तर तो अख्खा प्रयोग बाद धर.

आणि पुढच्या वेळी नमुना काचेच्या बाटलीतच आण, ताटल्याही काचेच्या घे. ही संयुगं प्लास्टिकला चिकटतात. मग भ्रूणापर्यंत नेमकं किती पोचलं, हे सांगता येत नाही. कुशीवरून काढलेले फोटो पाठव, आपण मिळून बघू.

सप्रेम,
तुझे सर