सरकारी पिस्तूल हरवलं तर पोलिसाचं पुढे काय होतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ड्युटीवरच्या पोलिसाचं किंवा जवानाचं हत्यार चुकून हरवलं तर त्याची नोकरी जाते का, आणि असं हत्यार सामान्य माणसाला सापडलं तर त्याने काय करावं. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं नाशिक भागातल्या एका शस्त्रागारात गेली, म्हणून लिहितोय.

नोकरी जातेच असं नाही. पण माझ्या पाहण्यात हत्यार हरवलं म्हणून जेवढे अडकले, त्यापेक्षा जास्त लोक ते उशिरा सांगितलं म्हणून अडकले.

आधी हत्यार हरवतं कुठे ते बघा. सिनेमात झटापटीत पिस्तूल घरंगळत जातं. खऱ्या आयुष्यात ते कंबरेवरून उतरवलं की हरवतं. रेल्वेच्या बर्थवर उशाखाली राहतं, गाडीच्या सीटवर राहतं, आणि सगळ्यात जास्त संडासात राहतं. हसू नका. नऊ एमएमचं पिस्तूल भरलं की एक किलोच्या आसपास जातं. पँट सोडायची तर पट्टा सोडावा लागतो, आणि पट्टा सोडला की होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, खाली ओढलं जातं. मग माणूस ते दारामागच्या खुंटीला अडकवतो आणि हात धुऊन मोबाईल बघत बाहेर येतो. पिस्तुलाच्या मुठीला लॅनयार्ड नावाची दोरी असते ती याचसाठी. गणवेशात ती लावतात, पण साध्या कपड्यातले अंगरक्षक शर्टाखाली दिसते म्हणून टाळतात.

हा आपल्याकडचाच गलथानपणा आहे असं समजू नका. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्या अंगरक्षकाने न्यूयॉर्कहून लंडनला निघालेल्या विमानाच्या संडासात स्वतःचं ग्लॉक पिस्तूल विसरलं, सोबत पासपोर्टही. ते एका प्रवाशाला सापडलं. 2015 मध्ये अमेरिकेच्या संसद भवनातल्या पोलिसांची पिस्तुलं तिथल्याच संडासांत राहिल्याचं उघड झालं. त्यातलं एक एका लहान मुलाच्या नजरेस पडलं होतं.

आता शस्त्रागारातली पद्धत सांगतो, म्हणजे एवढी घबराट का उडते ते कळेल. हत्यार देताना रजिस्टरवर नंबर, राऊंड म्हणजे गोळ्या, वेळ आणि सही. परत घेताना आधी मॅगझीन (गोळ्यांची पेटी) बाहेर, मग स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडाशी गोळी बसते त्या जागी, नजर, गरज वाटली तर करंगळी घालून खात्री. त्यानंतर नंबर मोठ्याने वाचायचा आणि राऊंड एकेक करून टेबलावर उभे करायचे. तेरा दिले असतील तर तेरा उभे राहिले पाहिजेत. फायरिंगच्या सरावाला तर गोळी उडाल्यावर उरणाऱ्या रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत द्याव्या लागतात. एक पुंगळी कमी भरली की अख्खी तुकडी उन्हात वाकून गवत चाळत बसते, आणि ज्याची हरवली त्याला बाकीचे दिवसभर ऐकवतात. जिथे पुंगळीची ही कथा, तिथे पिस्तुलाची काय असणार!

आमच्यातल्या एकाचं सांगतो. मुंबईहून बंदोबस्त करून नाशिकला परत येताना तो आणि जोडीदार घोटीजवळच्या ढाब्यावर जेवायला थांबले. पिस्तुलाचा पट्टा संडासातल्या खुंटीला राहिला. नाशिकजवळच्या विल्होळीच्या पुढे आल्यावर कंबर हलकी लागली. साहेबांना फोन करायचा सोडून दोघांनी गाडी वळवली आणि परत ढाबा गाठला. वाटलं, आहे तिथेच असेल, कुणाला कळायचंही नाही. पण ढाब्याच्या मॅनेजरने तोवर पट्टा गल्ल्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि पोलिसांना फोनही केला होता. हे पोहोचले तेव्हा तिथले अंमलदार आधीच उभे, स्टेशन डायरीत नोंद झालेली. पिस्तूल मिळालं, राऊंड पूर्ण, कुणाला ओरखडा नाही. तरी विभागीय चौकशी लागली आणि त्यातला सगळा भर 'माहिती का दडवली' यावर. कसुरी अहवालात (चुकीबद्दलच्या खात्यातल्या अहवालात) लिहिलेली वेळ आणि त्याच्या मोबाईलचा पहिला कॉल यातलं अंतर त्याला भोवलं. वेतनवाढ रोखली गेली. मला विचाराल तर त्या मॅनेजरने कमाल केली. घाबरून पट्टा मागच्या शेतात फेकणाराही भेटला असता.

नियमाप्रमाणे काय व्हायला हवं? लगेच वरिष्ठांना आणि नियंत्रण कक्षाला कळवायचं, स्टेशन डायरीत नोंद, हत्याराचा नंबर आसपासच्या ठाण्यांना. चोरीचा संशय असेल तर गुन्हा नोंदवला जातो. रेल्वेत घडलं तर लोहमार्ग पोलीस. पुढे बहुधा निलंबन आणि चौकशी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 25 आणि शिक्षा व अपिलांचे 1956 चे नियम यांखाली ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकतं. किती हलगर्जी होती आणि हत्यार परत मिळालं का, यावर वजन ठरतं. हल्ला करून कुणी हत्यार हिसकावलं तर गोष्ट निराळी. 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमात पोलिसाचं किंवा जवानाचं हत्यार बळाने हिसकावणाऱ्याला किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप आहे. तिथे मार खाल्लेल्या शिपायाकडे कुणी गुन्हेगार म्हणून बघत नाही.

लष्करात जास्त कडक. आपल्या नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, तिथले ओळखीचे जवान भेटले की विचारून बघा. त्यांच्या शस्त्रागाराला 'कोत' म्हणतात. कोतातली एक रायफल कमी भरली की रजा बंद, ट्रंका उघडा, रेंजवर माणसाला माणूस लावून शोध. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 54 प्रमाणे निष्काळजीपणाने हत्यार हरवल्यास कोर्ट मार्शलमध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुद्दाम विल्हेवाट लावली असेल तर दहा वर्षांपर्यंत. एवढं असूनही हत्यारं जातात. अमेरिकेच्या सैन्यातून 2010 ते 2019 या काळात किमान 1,900 बंदुका हरवल्या किंवा चोरीला गेल्या, असं असोसिएटेड प्रेसने 2021 मध्ये शोधून काढलं.

कुणाला हे सगळं अति वाटेल, पण हरवलेल्या हत्याराने काय होतं ते बघा. 1 जुलै 2015 ला सॅन फ्रान्सिस्कोत वडिलांबरोबर फिरणारी एक तरुणी गोळी लागून मेली. ते पिस्तूल एका सरकारी रेंजरच्या गाडीतून चारच दिवसांपूर्वी चोरीला गेलं होतं.

आता तुमचा दुसरा भाग. रस्त्यात, बसमध्ये, संडासात हत्यार दिसलं तर हात लावू नका. उचलून 'नंतर देऊ' म्हणून घरी तर अजिबात नेऊ नका. नऊ एमएम पिस्तूल हे प्रतिबंधित हत्यार आहे आणि ते बेकायदा बाळगल्याची शिक्षा किमान सात ते कमाल चौदा वर्षं आहे. तिथेच उभे राहा, पोराबाळांना लांब ठेवा आणि 112 लावा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, नंबर आणि जागा दोन्ही नको त्या माणसाला कळतात. पोलीस आले की कुठे, किती वाजता दिसलं ते सांगा. तुमचं नाव-पत्ता लिहून घेतील, पंचनाम्यावर सही मागतील, आणि पुढे चौकशीत जबाबाला एखाद वेळेस बोलावतील.