शंभर की पाचशे?

प्रिय मुली,

तुझा मेसेज मिळाला. लहान मुलांच्या वॉर्डात पोस्टिंग झाल्याचं कळवलंस आणि लगेच खाली लिहिलंस, ‘सिस्टर, हात थरथरतात.’ वाचून मला बरंच वाटलं. नोकरीच्या तीस वर्षांत मला धडकी भरवली ती हात न थरथरणाऱ्या पोरींनी. फोनच करणार होते, पण तुझी नाईट सुरू आहे आणि दुपारी तुला उठवायचं माझ्या जिवावर येतं.

मोठ्यांच्या वॉर्डातली एक सवय तिथेच ठेवून ये. तिथे ताप आला की पाचशेची पॅरासिटामॉल. माणूस पन्नास किलोचा असो की ऐंशी किलोचा. आपल्याकडे एका खाटेवर अडीच किलोचं बाळ असतं आणि शेजारी पस्तीस किलोचा मुलगा. जवळपास प्रत्येक डोस किलोवर ठरतो, म्हणजे वजन चुकलं की पुढचं सगळं चुकलं. आई सांगते, ‘असेल बारा किलो.’ ते ऐकून घे, लिहू नकोस. काटा शून्यावर आहे का बघ, बाळाचा ओला लंगोट काढ आणि स्वतः वजन कर. पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि डेंग्यूची गर्दी झाली की हीच पायरी आधी गळते.

आता माझी गोष्ट. कोणतं हॉस्पिटल ते विचारू नकोस. तीन किलोचं बाळ, अमिकासिन हे अँटिबायोटिक चालू. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५. आमच्याकडे २ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, यायची, त्यातून ०.९ एमएल. चार दिवस मी तेच भरत होते, आकडा तोंडपाठ झालेला. पाचव्या दिवशी स्टोअरने ५०० ची व्हायल पाठवली. तीही २ एमएलचीच, बाटली तेवढीच, झाकणही तसंच. मी ०.९ भरलं आणि शेजारच्या स्टाफला विचारलं, ‘पॉइंट नऊ, बरोबर ना?’ ती म्हणाली, ‘बरोबर.’ कालच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. सिरिंजमध्ये मात्र ४५ च्या जागी २२५ मिलिग्रॅम होतं, पाचपट. मूत्रपिंडं आणि कान या दोन्हींशी खेळ.

बाळाच्या शिरेत बसवलेल्या कॅन्युलाचं झाकण काढलं आणि मागून ट्रेनी मुलगी हळूच म्हणाली, ‘सिस्टर, कालच्या बाटलीवर शंभर होतं ना?’ सगळ्या वॉर्डात तिला सोडून कुणी लेबल वाचलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, आधी मला तिचा रागच आला. मग मी व्हायल उजेडात धरली.

तेव्हापासून मी ‘बरोबर ना?’ असं विचारणं बंद केलं. त्या प्रश्नाला माणूस होच म्हणतो. दुसरीच्या हातात केसपेपर आणि व्हायल द्यायची, स्वतःचं उत्तर सांगायचं नाही, तिला तिचा हिशेब करू द्यायचा. दोघींचं जुळलं तर भरायचं. वेळ लागतो म्हणतील, लागू दे. त्या ५०० च्या व्हायलमधून आपल्याला हवं होतं ०.१८ एमएल. ते २ एमएलच्या सिरिंजवर नीट मोजताही येत नाही, १ एमएलचीच घ्यावी लागते. इतकं कमी औषध भरायची वेळ आली तर थांब. कमी ताकदीची व्हायल आहे का विचार, नाहीतर वॉर्डाच्या ठरलेल्या पद्धतीने डायल्यूट कर.

रेसिडेंटच्या अक्षरावर तर अख्खी वही भरेल. त्यांनी ‘५.०’ लिहिलं आणि टिंब फिकट उमटलं की ५० होतं. ‘.५’ मधलं टिंब पुसलं की ५. म्हणून पूर्णांकानंतर टिंब आणि शून्य नको, आणि टिंबाआधी शून्य हवंच: ०.५. इन्सुलिनचा ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो, तिथे ‘युनिट’ पूर्ण लिहून घे. इन्सुलिन एका एमएलमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची अशी दोन्ही येते. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. अदलाबदल करायची नाही. डॉक्टर ओरडतील, ‘एवढं कळत नाही?’ म्हणून. कळतं, पण अंदाजाने देणार नाही, असं शांतपणे सांग. रात्री तीन वाजता उठवलं म्हणून चिडलेले किती तरी हाऊसमन पुढे मोठे डॉक्टर झाले आणि अजून रस्त्यात भेटले की नमस्कार करतात.

पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल आणि डिस्टिल वॉटरची अँप्युल ट्रॉलीवर एकत्र दिसल्या तर आधी त्या वेगळ्या कर, मग मला शिव्या घाल. दहा एमएलची पारदर्शक अँप्युल, दोन्ही जवळपास सारख्याच. पोटॅशियम सलाईनमध्ये मिसळून, सावकाश जातं. थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

खाटेच्या नंबरावरून ‘सात नंबरचं इंजेक्शन’ म्हणणं ही आपली बोलायची पद्धत आहे, काम करायची नव्हे. गर्दीत सात नंबरचं पोर सकाळी अकरा नंबरच्या खाटेवर गेलेलं असतं. मनगटावरची पट्टी वाच आणि आईला विचार, ‘बाळाचं नाव काय?’ ‘हा आयुष ना?’ असं विचारलंस तर दमलेली आई मान हलवते.

औषध भरताना फोन, नातेवाईक, वॉर्डातले मामा-मावशी, कुणाशी बोलायचं नाही. एकदा मी रात्री तापाचं औषध पाजलं आणि सही करणार तोच दुसऱ्या खाटेवर झटका आला. सही राहिली. सकाळच्या सिस्टरने तेच औषध पुन्हा दिलं. पोराला काही झालं नाही, पण ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी सोपवताना, मला ते आठवलंही नव्हतं.

डिस्चार्जला मात्र घाई करू नकोस. दहा किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम द्यायचं आहे असं धर. ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमच्या सिरपचं ते ६ एमएल, २५० च्या सिरपचं ३ एमएल, आणि ड्रॉप्स असतील तर फक्त दीड, कारण ड्रॉप्सच्या एकेका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. गोवंडीच्या एका बाईला आम्ही ‘सहा एमएल’ सांगून सोडलं. केमिस्टने ड्रॉप्स दिले. बाटली १५ एमएलची, तिसऱ्या डोसला औषध पुरेना म्हणून ती दुसरी बाटली मागायला आली, तेव्हा कळलं. पोराला ठेवून घेतलं, रक्त तपासलं, यकृत वाचलं. त्या बाईने सांगितलं तेच तंतोतंत केलं होतं. म्हणून नुसते एमएल सांगू नकोस. बाटली आईच्या हातात दे, सिरिंजवर पेनाने रेघ मार आणि तिला तुझ्यासमोर भरून दाखवायला लाव. घरातला चमचा नको. प्रत्येक घरातला चमचा वेगळा.

खोकल्याच्या सिरपचंही तेव्हाच सांग: दोन वर्षांखालच्या बाळाला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं सिरपमुळे गेल्यावर, केंद्राने हे पुन्हा बजावलं. तिथे सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. मुंबईने ते विष आधी पाहिलंय. १९८६ साली जे. जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. अशा वेळी नर्स कितीही सावध असली तरी बाटलीतलं विष तिला दिसत नाही. तिच्या हातात बॅच नंबर लिहिणं आणि विचित्र काही दिसलं की लगेच कळवणं असतं. तेवढं कर.

आणि चूक तुझ्या हातून होईल. झाली की पहिल्या मिनिटाला डॉक्टरांना सांग, मग इन्चार्जला, मग कागदावर. मेमोच्या भीतीने गप्प बसलेली नर्स मी पाहिली आहे. ते मूल जगलं, पण काय दिलं गेलंय हे आम्हाला सहा तास ठाऊक नव्हतं.

कुरिअरने माझी जुनी वही पाठवते आहे. पुढच्या पानांवरचे डोस वापरू नकोस, त्यातले बरेच बदललेत. वही उलटी धर आणि मागून वाच, तिकडून मी माझ्या चुका लिहिल्यात. अमिकासिनचा दिवस तिसऱ्या पानावर आहे. त्या ट्रेनीचं नाव मी लिहून ठेवलं नाही, त्याची मला अजून लाज वाटते.

तुझी,
सिस्टर