'ना. धो.' नव्हे, 'ना. धों.': आणि धोंडो म्हणजे दगड हे कुणी ठरवलं?

प्रश्न असा आलाय: कवी महानोरांचं नाव ना. धो. लिहायचं की ना. धों.? धों. म्हणजे धोंडो, म्हणजे दगडच ना? मग एवढ्या मोठ्या माणसांना दगडाचं नाव कसं? आणि अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

पहिल्याचं उत्तर एका ओळीत. अनुस्वार पाहिजे म्हणजे पाहिजेच. नामदेव धोंडो महानोर, म्हणून ना. धों. महानोर. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणून र. धों. कर्वे. बॅनरवर, श्रद्धांजलीच्या मेसेजमध्ये, सूत्रसंचालकाच्या तोंडी सगळीकडे 'नाधो', 'रधो' चाललेलं असतं. धो म्हणजे कपडे धो! एक टिंब द्यायचा कंटाळा केला आणि माणसाच्या बापाचं नाव पुसलं, याचा मला खरंच राग येतो.

आता दगड. धोंडा म्हणजे दगड हे शाळेतल्या पोरालाही माहितीये, पायावर धोंडा पाडून घेणं, गळ्यातली धोंड वगैरे, त्यात वेळ घालवत नाही. आणि पोटची पोरं जगत नसली की पुढच्याला दगडू, केरू, कचरू, भिकू असं काहीतरी नाव ठेवायचं म्हणजे नजर लागणार नाही, यम बघून पुढे जाईल, ही चाल आपल्याकडे होती, त्यात धोंडूही येतो. हे मला मान्य आहे. मान्य नाही ते पुढचं. या चालीवर बोट ठेवून धोंडू, धोंडो, धोंडीबा, धोंडीराज सगळे एकाच पोत्यात भरायचे आणि वर 'लोकसमजुतीतून आलेलं नाव' असा शिक्का मारायचा. मध्ये एका व्याख्यानात एका नामवंत अभ्यासकांनी नेमकं हेच केलं. मी उठून विचारलं की धोंडीराजमधला 'ई' कुठून आला, तर म्हणाले, बोलण्यात येतो असा. असा कसा येतो? स्वर काय वाऱ्यावर उडत येतात का?

तो 'ई' काशीहून आलाय. काशीला विश्वनाथाच्या जवळच ढुंढिराज गणपती आहे. स्कंदपुराणातल्या काशीखंडात त्याच्या नावाची फोड दिलीये की ढुंढ् हा धातू शोधण्याच्या अर्थाचा आणि हा गणपती सगळे अर्थ धुंडून देतो म्हणून ढुंढि. हिंदीत ढूँढना, आपल्याकडे धुंडणं, धुंडाळणं, तोच शब्द. हिंदीत ढ राहिला, आपल्याकडे त्याचा ध झाला, आणि अगदी तस्संच काशीचा ढुंढिराज आपल्याकडे येऊन धुंडिराज झाला. संस्कृतातही हे नाव ठेवलेले लोक आहेत, जातकाभरण लिहिणारा ज्योतिषी ढुंढिराज, मुद्राराक्षस नाटकावर टीका लिहिणारा ढुंढिराज. यांच्या नावात कुणी दगड शोधत नाही.

मग 'उ'चा 'ओ' कसा? इथे माझी आवडती गोष्ट येते, जरा सावकाश वाचा. संस्कृत तुंड, मराठी तोंड. संस्कृत शुंडा, मराठी सोंड. 'उंड'चं 'ओंड' होणं ही मराठीची जुनी सवय आहे, तर धुंडिचं धोंडी होणार नाही तर काय होणार? आणि बघा, तोंडही गणपतीचं (वक्रतुंड म्हणतो ना आपण), सोंडही गणपतीची, आणि धोंडीही गणपतीच! हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

दुसरा पुरावा शेवटच्या 'ओ'चा. केशवचा केसो, नारायणचा नारो, महादेवचा महादो, विठ्ठलचा विठो, मोरेश्वरचा मोरो, दत्तात्रेयचा दत्तो, रघुनाथचा राघो. सगळी देवाची नावं आणि शेवटी लाडाचा ओ. याच रांगेत धुंडिराजचा धोंडो बसतो. नजर लागू नये म्हणून ठेवलेली नावं बघा, दगडू, केरू, कचरू, भिकू, सगळीकडे ऊ. दगडोपंत ऐकलाय कधी? केरोपंत ऐकलाय म्हणाल तर केरो लक्ष्मण छत्रे होते, गणिती, पण तो केरोबा कुठला यावर स्वतंत्र लिहीन, माझ्या मते तोही केर नव्हे. आणि दगडोबा आहे म्हणाल तर तिथे ओ नाही, अख्खा 'ओबा' लागलाय, तो मान द्यायला कशालाही लागतो. तर माझं ठाम मत, 'ऊ' दिसला तर दगडाची शक्यता धरा, 'ओ' किंवा 'ई' दिसली तर आधी काशी गाठा. आता कुणीतरी पावसाची 'धोंडी धोंडी पाणी दे' काढणार. ती धोंडी वेगळी, अंगाला लिंबाचा पाला गुंडाळून दारोदार फिरणारी, तिच्या अंगावर घरोघरी पाणी ओततात, तिच्यावरून कुणी पोराचं बारसं करत नाही.

आता माणसं बघा म्हणजे पटेल. दादासाहेब फाळके, धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री, ते पोराला दगड म्हणतील का? १९१३ साली राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणणाऱ्या माणसाचं नाव धुंडणारा, याहून नेमकं नाव काय असणार. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८, फर्ग्युसनला गणित शिकवायचे, १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये आश्रम काढला, १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ, शंभराव्या वर्षी भारतरत्न. आणि त्यांचाच मुलगा र. धों., ज्याने १९२७ पासून मरेपर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, संततिनियमनावर उघड लिहिलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढला. बिठूरचे नानासाहेब पेशवे, सत्तावनचे, त्यांचं नाव धोंडोपंत, आणि इंग्रजी लिखाणात ते धोंडू पंत आणि धुंडू पंत अशा दोन्ही स्पेलिंगांनी येतं. इंग्रजी स्पेलिंगवर मी फार भार टाकणार नाही, पण धुंडूमधला तो पहिला उ मला आवडतो.

हे फक्त भटाबामणांचं नाव, असंही एक मत ऐकू येतं, तेही चूक. महानोर पळसखेडचे शेतकरी, त्यांचे वडील धोंडो. चन्नगिरीच्या मराठा घरातला धोंडिया वाघ टिपूच्या कैदेत होता, १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा सुटला, फौज जमवून स्वतःला दोन्ही जगांचा स्वामी म्हणवायला लागला, आणि १८०० च्या सप्टेंबरात वेलस्लीशी लढताना पडला, पुढे वॉटर्लू जिंकणारा तोच वेलस्ली. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिलं ते अख्खं संवादात आहे, जोतीराव आणि धोंडीबा यांच्या. त्यात प्रश्न कोण विचारतो? धोंडीबा. खोदून खोदून विचारतो. फुल्यांनी व्युत्पत्ती बघून नाव घेतलं असं मी म्हणत नाही, खेड्यापाड्यातलं रोजचं नाव म्हणूनच घेतलं असेल, पण धुंडणाऱ्याचं नाव धुंडणाऱ्यालाच मिळालं.

आणि बायका. धोंडूताई कुलकर्णी, कोल्हापूरच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका, भुर्जीखाँ आणि केसरबाईंकडे शिकलेल्या. नावात ऊ आहे, माझ्याच नियमाने मी हे नाव दगडाच्या बाजूला ठेवतो, त्यात कमीपणा काही नाही, दगड टिकतो म्हणूनच ठेवायचे ना ते नाव. ज्यांना ऑफिसात 'काय धोंडू आहेस' म्हणजे मठ्ठ आहेस असं म्हणायची सवय आहे त्यांनी धोंडूताईंची एक चीज बसून ऐकावी.

धोंड्याच्या महिन्याचं राहिलंच. संबंध आहे, पण तो धोंडूशी, धोंडोशी नाही. अधिक महिन्यात झालेल्या मुलाला धोंडू, मुलीला धोंडाबाई असं ठेवायची रीत होती. जावयाला धोंडे जेवण घालतात ते पुरणाचे धोंडेही याच महिन्यातले.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी शेवटी लिहिलंय की पणजोबांच्या फोटोखाली नाव घालायचंय, सातबाऱ्यावर धोंडू आहे आणि त्यांच्या स्वतःच्या सहीत धोंडो. ताई, सही बघा. तलाठ्याने कानाला लागलं तसं लिहिलं, पणजोबांनी स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. धोंडो लिहा, आणि धो वर टिंब द्यायला पेंटरला दोनदा सांगा.