रास्पबेरी पाय ४ वर (तो तळहाताएवढा कॉम्प्युटर) रेट्रोपाय, म्हणजे जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर, टाकलंय, पण वायफाय सारखं तुटतंय. दोनदा कार्ड फॉरमॅट केलं. आता यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचा वायफायचा तुकडा) घेऊ का?

डोंगलचं शेवटी सांगतो. आधी मला हे सांगा, फॉरमॅट मारायचा सल्ला कुणी दिला? जोडलेलं वायफाय मध्येच तुटतंय आणि माणूस मेमरी कार्ड पुसत बसलाय, हे वाचलं की माझं डोकं फिरतं. कारण हाच सल्ला आमच्या दाजींनी दिला होता आणि त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस आहे.

मी बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपला मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. कॉम्प्युटर हा माझा धंदा नाही. दाजींचा आहे. खानापूरला त्यांचं रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळं घरात वायर सोडून बाकी कशालाही मी हात लावला की "तुला त्यातलं काय कळतंय" हे ठरलेलं.

चवथीला आक्काकडं गेलो होतो. भाच्यानं पाय ४ टीव्हीला जोडलेला, जुन्या आर्केड गेमांची एक हार्ड डिस्क लावलेली, दोन ब्लूटूथ जॉयस्टिक. पुण्याची चुलतबहीण नेटप्लेवर, म्हणजे इंटरनेटवरून, समोरून खेळणार म्हणून सगळी पोरं गोळा झालेली. आणि गेम रंगात आला की नेट गायब. परत जोडायचं, परत गायब. दाजी देव्हाऱ्यासमोरूनच ओरडले, "वायफायची चिप गेल्या त्याची. चायना माल तो. फॉरमॅट मार, नाही झालं तर बोर्ड बदल." (पाय वेल्समधल्या पेनकोड गावी, सोनीच्या कारखान्यात बनतो. पण सणाच्या दिवशी कोण तोंड लागणार.)

फॉरमॅट त्यांनीच मारला. पोराचे सगळे सेव्ह गेले, ते रडलं. आणि वायफाय चालायला लागलं! दाजी मिशीला पीळ देत फिरायला लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही की फॉरमॅट करताना हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली होती. जेवणं झाल्यावर डिस्क परत लावली आणि मागचं रडगाणं पुढं सुरू.

मी नुसता टीव्हीकडं बघत बसलो होतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात मधूनमधून एक छोटी पिवळी वीज चमकायची. विचारलं तर दाजी म्हणाले, "ती चार्जिंगची खूण असते." अहो, पायला बॅटरीच नाही तर चार्जिंग कसलं? बोर्डवरचं व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ती वीज दिसते. बोर्ड बोंब मारतोय की मला पुरेसं मिळेना, आणि हे म्हणतात चार्जिंग.

चार्जर मोबाइलचा होता, ३३ वॉटचा. "तेहतीस वॉट आहे, त्याला पंधरा पुरतात," इति दाजी. मी चार्जर उलटा केला, चष्मा वर सरकवून बारीक अक्षरं वाचली. ३३ वॉट हे वरच्या व्होल्टेजला, ते पण त्याच कंपनीचा मोबाइल समोर असेल तर. ५ व्होल्टसमोर फक्त २ अँपिअर. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, आणि तो ५ च्या वर काही मागत नाही. त्यात केबल पांढरी, लांब, दोऱ्यासारखी. हे तर माझं रोजचं काम आहे: जाऊन-येऊन पाव ओहम रोध धरा, २ अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट केबलमध्येच मेला. चार्जर ५ देतोय, बोर्डला ४.५.

गाडीतून मीटर आणला. पिनांच्या दोन ओळी असतात ना, त्यातल्या बोर्डच्या कडेच्या ओळीत पहिल्या दोन ५ व्होल्टच्या, तिसरी ग्राउंड. प्रोब धरून बसलो आणि भाच्याला गेम लावायला सांगितला. मेनूत असताना आकडा ४.८ च्या आसपास. डिस्क गरगरायला लागली तसा तो उतरत गेला, ४.६ ला टेकला, पिवळी वीज चमकली, आणि नेट गेलं. भाचा म्हणाला, "मामा, परत कर." परत केलं, परत तेच. दाजी तोवर पानसुपारीच्या ताटाकडं वळले होते.

दुसऱ्या दिवशी गणपत गल्लीतून बरा ५.१ व्होल्टवाला अॅडॉप्टर घेऊन पाठवला. वीज दिसायची बंद झाली, नेट तुटणं बरंच कमी झालं, पण गेलं नाही. दाजींचा लगेच फोन, "बघ, चिपच."

चिप नव्हे, निळा पोर्ट. डिस्क यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला होती. यूएसबी ३ च्या सिग्नलचा कचरा नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, इंटेलनं २०१२ साली स्वतःच त्यावर निबंध काढलाय. आणि पाय ४ चा बोर्ड तो केवढा, निळ्या पोर्टापासून बोटभर अंतरावर वायफायचा अँटेना. ब्लूटूथ पण त्याच चिपवर, त्याच पट्ट्यात, म्हणून जॉयस्टिक पण अडखळायची. भाच्याला फोनवर सांगितलं, डिस्क काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टला लाव आणि एक्स्टेन्शन केबलनं लांब ठेव. आर्केडच्या गेमांना यूएसबी ३ चा वेग हवाय कुणाला? तेव्हापासून नेट टिकतंय. दाजी मात्र अजून चारचौघांत सांगतात, "मी फॉरमॅट मारल्यावर चाललं ते."

तर तुमच्याकडं. पिवळी वीज दिसते का बघा. चार्जरवर ५ व्होल्टसमोरचा आकडा वाचा. डिस्क, पेनड्राइव्ह निळ्या पोर्टला असेल तर काढून एक संध्याकाळ चालवून बघा. यातच निम्म्याहून जास्त लोकांचं काम होतं असं माझं मत आहे.

राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा, वायफायपुरती निळ्या पोर्टची भानगड मिटते. आक्काकडं ते जमलं नाही. जुनं घर, चिऱ्याच्या जाड भिंती, राउटर सोप्यात आणि टीव्ही माजघरात. ५ गिगाहर्ट्झ पहिल्याच भिंतीला मरतं. खानापूर, जांबोटीकडचं घर असेल तर तुमचंही तेच होणार. आणि लॅन केबल पोचत असेल तर सरळ ती लावा, विषय संपला. वायर दिसते म्हणून घरचे नाक मुरडतात, मुरडू द्यात.

बाकीचं भराभर. रास्पी-कॉन्फिगमध्ये, म्हणजे पायच्या सेटिंगच्या मेनूत, वायफायचा देश भारत आहे ना बघा. अमेरिका राहिला असेल तर १२ आणि १३ नंबरचे चॅनल दिसतच नाहीत, आपल्याकडं ते चालतात. राउटरवर वायफायच्या सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करा. पण हे दोन्ही न जोडण्याचे आजार, तुमचा जोडून तुटण्याचा आहे. गेम नुसता पडून असताना तुटत असेल तर वायफायचं पॉवर सेव्ह बंद करा. थंड राहतो म्हणून सगळीकडून अॅल्युमिनियमची पेटी घातली असेल तर ती उघडून बघा, अँटेना धातूच्या डब्यात कोंडून काय ऐकणार? आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाऊन आली की आणखी एक गंमत होते: राउटरच्या आधी पाय उठतो, त्याला नेटवर्क सापडत नाही आणि तो तसाच बसतो. त्याला बिघाड म्हणत नाहीत, परत चालू करा.

आता डोंगल. खरंच घ्यायचा असेल तर लिनक्समध्ये (पाय त्याच सिस्टीमवर चालतो) ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, आधीपासून असलेली चिप बघा, मीडियाटेकची एमटी७६१२यू त्यातली. स्वस्तातल्या बऱ्याच डोंगलांना ड्रायव्हर स्वतः बांधावा लागतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की परत पहिल्यापासून. शिवाय डोंगल त्याच चार्जरच्या करंटवर जगणार. चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच मिळतात आणि त्यातले बरेच डिस्क खाते. चार्जर न बदलता डोंगल लावलात तर पैसे गटारात.

मीटर लावणार असाल तर एक राहिलंच. ५ व्होल्टच्या पहिल्या पिनेला खेटूनच आतल्या ओळीत ३.३ व्होल्टची पिन आहे. प्रोब घसरून दोन्ही एक झाल्या तर मग चिप खरंच गेली म्हणा. हात थरथरत असेल तर नुसत्या पिवळ्या विजेवर भागवा. आणि हे सगळं पाय ४ चं. पाय ३ बी असेल तर त्याला ना निळा पोर्ट, ना ५ गिगाहर्ट्झ, तिथं फक्त चार्जर आणि केबल बघा.

मोजलात तर गेम चालू असतानाचा आकडा कळवा. दाजींना दाखवायचा आहे.