वाचकांचे प्रश्न : नारळाचे दूध आणि माशांचे कालवण

नारळाच्या दुधातील कालवणांविषयी आलेल्या पत्रांत दूध फुटण्याची तक्रार सर्वांत जास्त आहे. म्हणून तो प्रश्न आधी घेतला असून त्याचे उत्तर थोडे सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माशांचे कालवण चुलीवर असताना रस्सा एकसारखा दिसतो, पण पानात वाढेपर्यंत तो रवाळ होतो, वर तेल तरंगते आणि खाली पाणी राहते. नारळ ताजा असतो, दूध घरीच काढते आणि घट्ट दूध शेवटीच घालते. नंतर आमसुले टाकून झाकण ठेवते. मग चुकते कुठे?

उत्तर : दूध शेवटी घालण्याचा आपला क्रम बरोबर आहे, आमसुले आणि झाकण या दोन गोष्टी मात्र बदलाव्या लागतील. नारळाचे दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब. ते एकमेकांना मिळू नयेत म्हणून त्यांच्याभोवती नारळातल्याच प्रथिनांचे पातळ वेष्टन असते. तापमान साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ही प्रथिने गोठू लागतात, वेष्टन टिकत नाही, थेंब एकत्र येऊन तवंग धरतात आणि गोठलेल्या प्रथिनांचे बारीक कण रश्शात उतरतात. आपल्याला जाणवणारा रवाळपणा तो हाच. आंबटपणामुळेही हेच घडते. ताज्या दुधाचा सामू (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ६ च्या आसपास असतो; चिंच, लिंबू, टोमॅटो किंवा आमसूल यांमुळे तो ४ च्या जवळ आला की प्रथिनांना थेंब वेगळे धरून ठेवता येत नाहीत. आच आणि आंबट एकाच वेळी लागले, तर दूध फुटायला क्षणभरही पुरतो.

म्हणून आंबट पदार्थ आधीच घालावा. वाटण तेलात नीट परतून झाले की त्यात चिंचेचा कोळ किंवा आमसुले आणि दुसऱ्या वेळचे, म्हणजे त्याच चोथ्यातून पुन्हा काढलेले पातळ दूध घालून चांगली उकळी काढावी, म्हणजे आंबटपणा सगळ्या रश्शात मुरतो आणि मसाल्याचा कच्चेपणाही जातो. पातळ दुधात स्निग्धांश कमी असल्याने ते उकळले तरी फारसे बिघडत नाही. मग मासे घालावेत, आणि ते शिजत आले की आच अगदी मंद करून घट्ट दूध घालावे. कडेने बारीक बुडबुडे दिसू लागले की आच बंद करावी. रस्सा मधोमध खदखदू देऊ नये. लिंबू पिळायचे असेल तर भांडे खाली उतरवून रस्सा जरा निवल्यावर पिळावे.

आता झाकणाविषयी. आच बंद केली तरी जाड बुडाचे झाकलेले भांडे बराच वेळ जवळजवळ उकळत्या तापमानाला राहते, आणि त्या अवधीत दूध फुटते. भांडे चुलीवरून उतरवावे आणि झाकण थोडे कलते ठेवावे, म्हणजे वाफ कोंडत नाही.

एवढे करूनही रस्सा फुटलाच, तर तो टाकून देऊ नये. चवीत उणेपणा फार येत नाही आणि खाण्यास तो पूर्ण सुरक्षित असतो. माशाच्या तुकड्या काढून ठेवाव्यात, चमचाभर तांदळाची पिठी थोड्या पाण्यात कालवून रश्शाला लावावी आणि मंद आचेवर हलवत राहावे. रस्सा पुष्कळ अंशी मिळून येतो.

प्रश्न : तुकड्या रश्शात मोडतात. कोणता मासा घ्यावा आणि किती वेळ शिजवावा?

उत्तर : माशाच्या मांसातील तंतूंना जोडणारे ऊतक मटणाच्या मानाने फार थोडे असते आणि ते कमी तापमानालाच विरघळते. त्यामुळे मासा लवकर शिजतो, तसाच जास्त शिजला की पाकळ्यांसारखा सुटतो. तुकडीचा मध्यभाग ६३ अंशांपर्यंत तापला की ती शिजली असे समजावे. अडीच सेंटिमीटर जाड तुकडीला मंद आचेवर साधारण ८ ते १० मिनिटे लागतात, पातळ तुकडीला त्याहून बरीच कमी. पारदर्शक मांस दुधी पांढरे दिसू लागले आणि काट्यापासून सहज सुटू लागले, की थांबावे. नारळाच्या दुधालाही आणि माशालाही मंद आचच मानवते. या दोघांची जोडी इतकी जमते याचे मोठे कारण मला तरी हेच वाटते.

तुकड्यांना शिजवण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे मीठ चोळून ठेवावे, त्याने वरचा थर घट्ट होतो. रश्शात घातल्यावर डाव फिरवू नये. भांड्याचे कान धरून ते हलक्या हाताने गोल फिरवावे, म्हणजे रस्सा हलतो आणि तुकड्या जागच्या जागी राहतात. घट्ट मांसाचा मासा काट्यासकट आडव्या तुकड्या करून घेणे उत्तम. डोके आणि काटे यांचा अर्क रश्शात उतरून त्याला जो दाटपणा येतो, तो बिनकाट्याच्या तुकड्यांनी येत नाही. बांगड्यासारखा तेलकट मासा असेल तर घट्ट दूध निम्म्यावर आणावे आणि आंबट थोडे वाढवावे, नाहीतर कालवण जड होते. आंबटपणाचे येथे दुसरेही काम आहे : समुद्रातील माशाच्या उग्र वासाला कारण असणारे ट्रायमिथाइलअमाइन आम्लाशी बांधले जाते आणि हवेत उडत नाही, म्हणून वास कमी येतो. गोड्या पाण्यातील माशांना कधीकधी येणारा चिखलट वासही आंबटाने उतरतो.

प्रश्न : घरी काढलेले दूध पातळच येते. पाणी किती आणि कसे घालावे?

उत्तर : बहुधा आपण गार पाणी घेत असाल. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे गार पाण्यात पुष्कळसा स्निग्धांश चोथ्यातच राहतो. हाताला सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे. उकळते मात्र नको, कारण त्याने प्रथिने तेथेच गोठतात. पक्व नारळ खवून पहिल्या वाटणाला जेमतेम भिजेल इतकेच पाणी घालावे, मिक्सरमधून काढून सुती कापडातून घट्ट पिळावे आणि हे दूध वेगळे ठेवावे. दुसऱ्या वेळी त्याच चोथ्यावर सढळ हाताने पाणी घालून पातळ दूध काढावे. नारळ कोवळा असेल तर कितीही वाटले तरी दूध दाट येत नाही. खवट वासाचा नारळ तर घेऊच नये, तो वास मसाल्याने झाकत नाही.

प्रश्न : डब्यातले दूध वापरले तर चालेल का? डबा उघडल्यावर वर पांढरा घट्ट थर आणि खाली पाणी दिसले.

उत्तर : चालेल. तो थर म्हणजे थंडीने थिजलेला स्निग्धांश आहे, बिघाड नव्हे. डबा कोमट पाण्यात ठेवून हलवला की दूध एकजीव होते. डबा फुगलेला असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर मात्र तो टाकून द्यावा. अन्नपदार्थांच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नारळाच्या दुधात किमान १० टक्के, नारळाच्या क्रीममध्ये २० टक्के आणि ‘लाइट’ दुधात ५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हणजे ‘लाइट’ दूध हे बरेचसे पाणीच असते, आणि ते विकत घेण्यापेक्षा चांगले दूध घेऊन घरी पातळ करणे शहाणपणाचे. साखर घातलेले क्रीमही बाजारात मिळते. ते कालवणात चालत नाही, तेव्हा वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत.

डब्यातील दुधात पुष्कळदा ग्वार गमसारखे दूध एकजीव धरून ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ते सहसा फुटत नाही. हा फायदा खरा, पण काही कालवणांत घट्ट दूध आधी कढईत आटवून त्याला मुद्दाम तेल सुटू देतात आणि त्या तेलात वाटण परततात. तेथे हे दूध कितीही आटवले तरी तेल सोडत नाही. त्या पद्धतीसाठी घरचेच दूध काढावे, किंवा घटकांत फक्त नारळ आणि पाणी लिहिलेले दूध शोधावे.

प्रश्न : उरलेले कालवण दुसऱ्या दिवशी खावे का? गोठवून ठेवता येते का?

उत्तर : शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या खाली ठेवलेले कालवण दुसऱ्या दिवशी खाण्यास हरकत नाही. नारळाचे दूध आंबट नसल्यामुळे बाहेर ठेवल्यास फार लवकर नासते. गरम करताना ते आतपर्यंत वाफाळले पाहिजे. त्यात रस्सा थोडा फुटला तरी चालेल, कोमट करून खाणे मात्र योग्य नव्हे. बांगडा, कुपा यांसारखे मासे शिजवण्यापूर्वी उबेत राहिले तर त्यांत हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार होते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही, म्हणून असे मासे आणल्याबरोबर थंड जागी ठेवावेत. गोठवण्याविषयी सांगायचे, तर तयार कालवण गोठवू नये. दूध फुटते आणि तुकड्या भुसभुशीत होतात. परतलेले वाटण आणि आंबट एवढेच गोठवून ठेवावे, आणि मासे व दूध आयत्या वेळी घालावे.