एनएसएसला, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव दिलंयस? मग हे ऐक

ग्रेस मार्कांसाठी आलास तरी हरकत नाही, निम्मे तसेच येतात. वर्षाला 120 तास काम, दोन वर्षांत 240. केलेल्या कामाची नोंद त्याच दिवशी डायरीत कर आणि प्रोग्राम ऑफिसरची, म्हणजे एनएसएस बघणाऱ्या प्राध्यापकांची, सही घे. परीक्षेच्या तोंडावर सह्यांसाठी फिरणाऱ्यांना कुणी वाली नसतो.

खरं शिक्षण होतं ते दत्तक गावातल्या सात दिवसांच्या शिबिरात. बहुतेक वेळा वनराई बंधारा, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवणारा गोण्यांचा बांध, असतोच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि ओढ्यात सांधा चुकवून आडव्या रचायच्या. गोणी गच्च भरू नकोस. जरा सैल असली की शेजारच्या गोणीला चिकटून बसते, फट राहत नाही. फोटोपुरतं घमेलं उचलणारे गावकऱ्यांना पहिल्याच दिवशी कळतात, बरं का!

सर्वेक्षणाला गेलास की आल्या आल्या फॉर्म काढू नकोस. ओसरीवर टेक, पाणी माग, ते कुठून भरतात ते विचार. निम्मा फॉर्म तिथेच भरतो. प्लॅस्टिकबंदीवर भाषण तर अजिबात नको.

आणि जाड सतरंजी ने. डिसेंबरात शाळेच्या फरशीवर झोप लागत नाही.